दोन पाट्या रबर

विटेची भट्टी पेटती आहे की विझली, हे मी चाळीस वर्षं धुरावरून ओळखत आलो. काळा धूर म्हणजे जाळ जोरात. पांढरा धूर म्हणजे विटा अजून ओल्या, पाणी सोडतायत. धूरच नाही म्हणजे आत सगळं गार. हे कुठल्या शाळेत शिकलो नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली अर्धी गुरांमागे. हे भट्टीनं शिकवलं, आणि भट्टीनं शिकवलेलं चूक असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. म्हातारपणी आलं, तेही चारचौघांसमोर.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात भात, नागली, थोडी वरई. दिवाळी झाली, नागली घरात आली, की पाडा अर्धा रिकामा होतो. कोणी भिवंडीकडे जातं, कोणी वसईला, कोणी ठाण्याला इमारतीच्या कामावर. आम्ही नवराबायको कधी लांब गेलो नाही. जव्हारच्या एका शेठची वीटभट्टी आहे, दाभोश्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. तिथं आम्ही जायचो. मोखाड्यापर्यंत चालत किंवा मिळेल त्या गाडीनं, पुढं जीपमध्ये कोंबून, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात कोंबडी. भट्टीशेजारी पेंढ्याची खोपी बांधायची आणि होळीपर्यंत तिथंच राहायचं. ती विटा थापायची. मी भट्टी रचायचो आणि जाळायचो.

थापणारे पुष्कळ मिळतात. रचणारा मिळत नाही. कच्ची वीट एकावर एक नीट बसली नाही, तर जाळ लागल्यावर अख्खी भट्टी कलते आणि महिन्याभराची मेहनत मातीत जाते. माझी एकही कलली नाही. रचाई मी राबावरून शिकलो. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, फांद्या, पातेरा आणि वरून माती असे थर घालून आम्ही ती जमीन भाजतो, तो राब. माझा बाप सांगायचा, राब वाऱ्याच्या तोंडाशी पेटवू नको, वरवर भडकेल नि खाली माती कच्ची राहील. उलट्या अंगानं पेटव, म्हणजे आग सावकाश सरकते. हे मी ऐकलं, राबाला पाळलं. भट्टीवर गेलो आणि विसरलो. भट्टीवर सगळ्यांनाच घाई असते.

आधी भट्टीत भाताचा तूस आणि दगडी कोळसा जायचा. मग कधीतरी पोती यायला लागली. पोत्यांत चपलांचे तळवे, टायरचे तुकडे, चिंध्या, गाडीच्या सीटचा स्पंज. कोळशापेक्षा ते स्वस्त, आणि जळतंही असं की बघत राहावं. मला ते आवडायचं, हे लिहून ठेवतो. पाटीभर रबर ओतलं की भट्टीतून घुर्र असा आवाज यायचा आणि काळा लोट सरळ वर जायचा. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, म्हाताऱ्याची भट्टी लागली. तेव्हा मी म्हातारा नव्हतो, पण म्हणायचे. छाती फुगायची.

तो लोट वर जायचा आणि खाली यायचा. उघड्या हंड्यातल्या पाण्यावर तेलासारखी साय धरायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर काळे ठिपके. बायको ते पाणी फडक्यानं गाळायची आणि मला ऐकवायची, "तुझी भट्टी आमच्या हंड्यात पण भाजते रे." मी हसायचो. दरसाल भट्टी उघडली की त्यात थोडा खेंगर निघायचा. खेंगर म्हणजे जास्त जाळ लागून वितळलेली, एकमेकींना चिकटलेली वीट, काळी, काचेसारखी चमकती पण खरबरीत. भिंतीला ती चालत नाही. बायको त्यातला एक तुकडा घरी न्यायची, टाचा घासायला. तिच्या टाचा फार फुटायच्या. चिखलात उभं राहून राहून.

तिला खोकला लागला तेव्हा आम्ही म्हटलं थंडीचा असेल. मग पावसाळ्यात पण राहिला. जव्हारच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, वाफ दिली, छातीचा फोटो काढला. डॉक्टरनं विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता? हो म्हटलं. भट्टीवर काम? हो म्हटलं. तो लिहीत राहिला. शेवटच्या पावसाळ्यात ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची, आडवं झालं की श्वास लागायचा. भादव्यात गेली. भट्टीनं मेली असं डॉक्टरनं सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. पण पोती कोणी ओतली ते मला ठाऊक आहे.

ती गेल्यावर चूल माझ्याकडे आली. मला चूल येत नाही हे मला साठीनंतर कळलं. ती जिवंत असताना म्हणायची, "तुझ्या हाती चूल दिली तर पाडा जाळशील." पाडा जाळला नाही, पण घर धुरानं भरायचं. मी लाकडं कोंबायचो. चार, पाच, एकदम. आग गुदमरायची, मी फुंकायचो, डोळ्यांतून पाणी. आमची एकच मुलगी, शेजारच्याच पाड्यावर दिली आहे. ती एक दिवस आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "बा, आत हायस की गेलास?" मग आत येऊन तिनं सगळी लाकडं ओढून काढली, दोनच ठेवली, जरा जरा आत सारली. जाळ स्वच्छ झाला. धूर गेला. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच. पण बसून राहाय लागतं," ती म्हणाली. "तुला बसवत नाय."

जावई ठाण्याला इमारतीवर असतो. मुलगी आईच्या जागेवर विटा थापायला यायला लागली. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी होळीनंतर ती खोकायला लागली. खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही. आधी घशात होता, मग खाली उतरला. तो आवाज मला माहीत होता. पाठ करून उभा असलो तरी मी तो ओळखला असता.

म्हणून त्या दिवाळीनंतर मी गाठोडं न बांधता जव्हारला शेठच्या दुकानात गेलो. त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, पाच-सहा माणसं कायम बसलेली.

"काय म्हाताऱ्या, यंदा लवकर? फराळ संपला काय घरचा?"

"यंदा रचणार नाय, शेठ."

"का? गुडघे गेले?"

"गुडघे बरे हायत. तू रबर टाकणार असशील तर रचणार नाय."

"मग भाजू कशावर? तुझ्या डोक्यावर?"

"कोळशावर भाज. तुझा बाप भाजायचा."

"बाप धोतर नेसायचा. मी पण नेसू?"

दुकानातले हसले. मीही हसलो असेन, बोलणं बरोबर होतं. पण उठून आलो. मागून तो म्हणाला, "दुसरा रचणारा आणीन." मी म्हटलं, "आण."

त्यानं वाडा तालुक्याकडून एक आणला. त्याची भट्टी अर्ध्यावर आल्यावरच एका अंगाला कलली आणि बसली. चार दिवसांनी शेठची मोटरसायकल आमच्या पाड्यावर आली. अंगणात उभा राहून त्यानं आधी माझ्या कोंबड्यांची चौकशी केली. मग म्हणाला, गेल्या वर्षी एक बाई येऊन गेली होती, भट्ट्या सुधारायचं काम करते, तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. तिला परत बोलावलंय. काय म्हणते ते तरी ऐक.

बाई पुण्याकडची. इंजिनियर. सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. पायांत जाड बूट, पाठीवर पिशवी, आणि चिखलात बसायला लाजायची नाही. तिच्यासमोर शेठ मला "आमचे काका, भट्टीचे मास्तर" म्हणायचा. ती जीपमध्ये बसली की मी पुन्हा म्हाताऱ्या.

मॅडमनी काठीनं जमिनीवर आकृती काढली. लांबट गोल खड्डा, कडेनं वर बांधलेली भिंत, मधोमध चिमणी. विटा खड्ड्यात रचायच्या, पण अशा की आतल्या हवेला सरळ पळता येऊ नये, नागासारखं वळत वळत जावं लागावं. म्हणजे जाळ प्रत्येक विटेला भेटतो आणि एका ओळीवरून पुढच्या ओळीवर सरकतो. वरून राखेचा जाड थर. थरात भोकं, भोकांना लोखंडी झाकणं. कोळसा हरभऱ्याएवढा फोडायचा आणि भोकातून एकेक पळी टाकायची, पण सारखी. चिंधी नाही, रबर नाही.

मी म्हटलं, "सरकणारी आग म्हणजे राब झाला."

त्या म्हणाल्या, "राब कसा करतात ते सांगा मला." मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी वहीत लिहून घ्यायची ती पहिली वेळ.

शेठ मागे हात बांधून उभा होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "काळा धूर म्हणजे न जळलेला माल. तुम्ही तो विकत आणता आणि हवेत सोडता." शेठ पुढं येऊन आकृतीजवळ बसला. धुरानं माणूस खोकतं हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला ऐकू आलं नव्हतं. माल फुकट जातो म्हटल्यावर ऐकू आलं. मला त्याचा राग आला नाही. ज्या अंगानं दार आहे त्याच अंगानं हाक मारावी लागते, मी उगाच भिंतीवर हात आपटत होतो.

चिमणी बांधली. बांधून झाल्यावर शेठनं सगळ्यांना गोळा केलं. "एकदा करून बघतो. पहिला माल नीट निघाला तर हीच भट्टी. नाय निघाला तर चिमणी पाडणार, तिच्या विटा विकणार, आणि पोती परत येणार. मग कोणी रबराचं नाव घ्यायचं नाय." माझ्याकडे बघून म्हणाला, "काकांनी तर अजिबात नाय."

मी मुलीकडे बघितलं. ती साच्यात मातीचा गारा भरत होती, वर बघितलं नाही. वीट पालथी केली, साचा उचलला, खोकली, दुसरी भरली.

रचाईला मला नेहमीपेक्षा दुप्पट दिवस लागले. हात जुन्या वळणानं विटा गच्च बसवायला जायचे, मॅडम म्हणायच्या, "काका, हवेला जागा." मी विटा काढायचो, परत लावायचो. भट्टीवरचा एक गडी म्हणाला, "म्हातारा हवेला घर बांधून देतोय." पण रचाई उभी राहिली, आणि खोटं कशाला सांगू, मला ती आवडली. नारळ फोडला. बायका खाली उभ्या राहिल्या. आमच्याकडे पेटलेल्या भट्टीवर बाईनं चढायचं नाही, भट्टी फुटते म्हणतात. मी आग लावली.

पहिले तीन दिवस पांढरा धूर होता, ओल निघत होती. चौथ्या दिवशी तो पातळ झाला. पाचव्या दिवशी दुपारी चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा हलताना दिसत होती. त्यामागचा डोंगर थरथरायचा, बास.

जेवणाची वेळ होती. गडी भाकरी खायला खाली उतरलेले. मॅडम जव्हारला गेलेल्या, दुसरी कोळशाची गाडी बघायला. वर मी एकटा. चिमणीकडे बघत बसलो. धूर नाही. मी झाकण उचलून आत बघायला पाहिजे होतं. मॅडमनी सांगितलं होतं, शंका आली तर झाकण उचला, लाल दिसतं का बघा. मी उचललं नाही. चाळीस वर्षं मी वर बघून सांगितलं होतं, आत डोकावून नाही. माझ्या मनानं घेतलं की आग मेली. आग मेली म्हणजे माल कच्चा, माल कच्चा म्हणजे चिमणी पाडली, पोती परत आली, आणि मुलगी तिथंच, त्याच धुरात. डोक्यात हे इतकं भराभर आलं की पाय आपोआप खाली गेले.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुनी दोन-तीन पोती उरली होती. मी दोन पाट्या भरल्या. चपलांचे तळवे होते, बारके, लेकरांच्या चपलांचे. वर नेले आणि दोन भोकांत ओतले.

घुर्र झालं. चिमणीतून काळा लोट उठला. आणि हे लिहायची लाज वाटते, पण माझा जीव शांत झाला. वाटलं, आहे, जिवंत आहे. मी खाली बसलो आणि विडी पेटवली.

मग खाली नजर गेली. मुलगी जेवण टाकून उभी राहिली होती. तिनं लोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदर तोंडावर घेतला आणि खोपीत गेली. तिच्या आईनं पदर असाच घ्यायची सवय लावून घेतली होती. एका हातानं, दातात टोक धरून.

लोट थोडा वेळ राहिला आणि गेला. गडी वर आले, म्हणाले, मघाशी धूर कसला आला? मी म्हटलं, कोळसा ओला असेल. मॅडम संध्याकाळी आल्या, झाकण उचललं, आत लालभडक होतं. मला दाखवलं. "बघा काका, धूर नाही आणि आग बघा." मी बघितलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

मागच्या ओळी गार झाल्यावर भट्टी उघडायला घेतली. शेठ स्वतः आला, बरोबर दुकानातले दोघं. पहिल्या ओळींच्या विटा लालजर्द निघाल्या. मग त्या दोन भोकांखालची जागा आली आणि फावडं खण्णकन आपटून मागं आलं. माणसाला कवेत येणार नाही एवढा खेंगर. विटा वितळून एक झालेल्या, काळा गोळा, आणि त्याच्या भोवतीच्या विटा वाकड्या.

"ही तुमची नागमोडी," शेठ म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मॅडम गुडघ्यावर बसल्या, हातोडीनं एक कपची काढली, फिरवून फिरवून बघितली. "एवढ्या कोळशानं एवढी गरमी होत नाही," त्या म्हणाल्या. "असं का झालं मला कळत नाही. खरंच कळत नाही." इंजिनियर माणूस सगळ्यांसमोर मला कळत नाही म्हणतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. शेठनं खिशातून मोबाइल काढला. कोणाला लावतोय ते मला माहीत होतं. रबराची पोती देणाऱ्या भंगारवाल्याला.

मुलगी पलीकडे गारा तुडवत होती. थांबली होती. ती तोंड उघडेल असं मला वाटलं. तिनं उघडलं नाही. खाली बघून पुन्हा तुडवायला लागली. तिच्या ह्या गप्प बसण्यानं मला ढकललं. ओरडली असती तर कदाचित मी नाही म्हटलं असतं.

"शेठ, फोन ठेव," मी म्हटलं. "रबर मी टाकलं."

"काय?"

"दोन पाट्या. ह्या दोन भोकांत. जेवणाच्या वक्ताला."

शेठनं फोन खाली केला. "रबर नको म्हणून माझ्या दुकानात येऊन उभा राहिलेला तो तूच ना?"

"मीच."

"आणि टाकलंस पण तूच."

"मीच."

"कशाला?"

"धूर दिसेना. मना वाटलं आग मेली."

कोणी हसलं नाही. मग हवेला घर म्हणणारा तो गडीच म्हणाला, "म्हाताऱ्याला धुराबिगर करमत नाय." तेव्हा हसले. शेठचेही ओठ हलले, पण त्यानं आवरलं. मी उभा राहिलो. चाळीस वर्षांत माझी भट्टी कलली नाही हे जे मी सगळीकडे सांगत फिरायचो, ते त्या दिवशी तिथं संपलं. भट्टीवर नाव जायला एवढा वेळ लागतो, दोन पाट्या ओतायला लागतो तेवढा.

मॅडम उठल्या, खेंगराच्या पुढच्या ओळीतून दोन विटा काढल्या आणि एकमेकींवर वाजवल्या. खण्ण. पुढच्या ओळीतल्या वाजवल्या. खण्ण. पक्की वीट घंटेसारखी बोलते, कच्ची ठप्प करते, हे शेठला लहानपणापासून माहीत आहे. त्यानं मॅडमच्या हातातून विटा घेतल्या आणि स्वतः वाजवायला लागला. ह्या ओळीतली, त्या ओळीतली, कडेची, मधली.

शेवटी विटा खाली ठेवून हात झटकले. "भट्टी राहील," तो म्हणाला. "हा म्हातारा मात्र वर चढणार नाय. रच म्हणावं, खाली उतर म्हणावं. आगीला हात लावायचा नाय."

"बरोबर हाय," मी म्हटलं.

"मग पळी कोण टाकणार? हे गडी तर फावड्यानं ओततात. मॅडम गेल्या की झोपतात."

मी म्हटलं, "माझी मुलगी टाकेल."

"बाईमाणूस? पेटत्या भट्टीवर?" दुकानातून आलेल्यांपैकी एक म्हणाला. "भट्टी फुटेल."

"भट्टी माझ्या हातानं फुटली," मी म्हटलं. "मी बाई हाय काय?"

मुलगी चिखलाच्या पायांनी आली, मॅडमना विचारलं, "एका वक्ताला किती?" त्यांनी पळीभर कोळसा दाखवला. "आणि परत?" "थोड्या वेळानं. आत डोकावून बघायचं, मग." मुलगी म्हणाली, "चुलीसारखं मग." आणि पाय धुवायला गेली. जणू भाजी चिरायला सांगितली होती.

त्या दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली, "मी बघितलं होतं."

"ठाऊक हाय."

"मना वाटलं तू नाय सांगणार."

"मना पण."

तिनं आणखी एक भाकरी टाकली. मी नको म्हटलं नाही.

पुढचा सगळा हंगाम ती वर बसायची. जुनं फडकं तोंडाला, हातात पळी, शेजारी पाण्याचा तांब्या. झाकण उचल, बघ, टाक, झाकण ठेव. गडी सुरुवातीला चेष्टा करायचे, "काय गं, आज भाजी कसली?" ती म्हणायची, "तुझं डोकं. शिजायला वेळ लागतोय." मग तेही तिच्याकडून पळी शिकले, आणि आता दोघं-तिघं पाळीपाळीनं बसतात. होळीच्या आधी विक्रमगडकडचा एक भट्टीवाला बघायला आला. शेठनं त्याला भट्टीभोवती फिरवलं आणि सांगितलं, ही सगळी माझी डोक्यालिटी. मी खाली विटा मोजून देत होतो. म्हटलं, असू दे. त्याच्या तोंडून ऐकून आणखी एक करत असेल तर करू दे. आमच्या तोंडून ऐकून कोण करतो?

हंड्यावर साय धरत नाही. मी रोज सकाळी बघायचो, पाण्यात बोट घालून. लुगड्यावर ठिपका नाही. ज्या बाईनं ते पाणी गाळून गाळून प्यायलं, तिला हे दाखवायचं राहिलं. मी तिला मनात दाखवतो, ती मनातही टोमणाच मारते. म्हणते, एवढी वर्षं लागली होय रे? लागली.

मुलीचा खोकला गेला असं लिहिलं तर खोटं होईल. कमी झाला आहे. भट्टीवरची आच असते, राख असते, पुढं काय होईल मला माहीत नाही. जव्हारला नेऊन छातीचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाला, सहा महिन्यांनी परत या. जाऊ.

होळीला घरी येताना त्या खेंगराचा एक धोंडा मी जीपच्या टपावर टाकून आणला. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, ह्या धोंड्याचं भाडं पण लागेल." म्हटलं, घे. फोडून त्याचे तुकडे केले, मोठा तुकडा मोरीच्या दगडापाशी ठेवला. बायकोचा जुना तुकडा तिथंच होता, घासून घासून गुळगुळीत, लेकराच्या मुठीएवढा झालेला. तो मी हलवला नाही.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी आली. मोरीवर बसली, पाय पसरले, आणि नवा तुकडा उचलून टाचा घासायला लागली. तिच्याही टाचा फुटतात, आईसारख्याच.

"पुढच्या साली खेंगर मिळायचा नाय, बा," ती म्हणाली. "हाय तो पुरवून वापर."

"नको मिळू दे," मी म्हटलं.

घासता घासता ती एकदा खोकली. मी हातातलं काम थांबवून दुसऱ्या खोकल्याची वाट बघत राहिलो. ती पाणी ओतून दुसरी टाच घासत होती.